“बंदच आहे की!”

असं म्हणत आज एकाने इन्फ्रारेड एलईडींच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणाऱ्या चालू पॅनेलला थेट डोळाच लावला. मी मध्ये हात घातला म्हणून बरं. दिवसभर तेच डोक्यात आहे.

एलईडी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे होते. अंधारात मंद लालसर ठिपका दिसतो, उजेडात तोही नाही. ९४० चे असतील तर काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही, पापणी मिटत नाही, आणि किरण मात्र आत जात राहतात. चालू आहे का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपके दिसतील.

जोडणी साधी आहे. १२ व्होल्टचा अडॅप्टर, एकापुढे एक जोडलेल्या सहा एलईडींची माळ. प्रत्येकी साधारण दीड व्होल्ट, म्हणजे ९ गेले. उरलेल्या ३ साठी ६८ ओहमचा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग), करंट ४४ मिलिअँपिअर. पुष्कळ जण “१२ भागिले दीड, आठ बसले” म्हणून रेझिस्टरच गाळतात. कागदावर बसतं हो! पण एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं, करंट चढतो, तो अजून तापतो आणि अख्खी माळ जाते.

आणि कृपा करून त्याच अडॅप्टरवर १ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत एक साधा लाल एलईडी लावा. माळेत नाही, वेगळा. पॅनेल चालू आहे, एवढंच सांगायला.

घरी असं पॅनेल बनवलं असेल, तर त्यावर तो लाल दिवा आहे ना?