कोम आणि अ.पा.क.

आत्याच्या पंच्याहत्तरीला घरातल्या कुणालाच खापरपणजोबांचं नाव धड सांगता येईना, तेव्हा मी वंशावळीच्या मागे लागले. ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून एका रात्रीत चौतीस माणसं भरली आणि पणजोबांपाशी अडकले.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदवणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या दिसतात, पण आमची माणसं यात्रेला जायची नाशिकला. म्हणून नाशिकच गाठलं. उपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, बासनातून लांबट वही काढली. शके १८२५ची नोंद. त्यात ७८ मिळवले की १९०३. वडील, काका, पुतणे सगळे होते. बाई एकही नाही.

बायका सापडल्या जमिनीच्या कागदांत. ‘आपले अभिलेख’ या सरकारी साइटवर स्कॅन केलेले जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, मिळतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि नंबर टाकायचा. मी हातातल्या सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकत राहिले आणि दोन रविवार भलत्याच लोकांची भाऊबंदकी वाचली! जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात गट पडले, त्याआधीचे कागद सर्व्हे नंबरावर चालतात, हे गावाकडच्या चुलत्यांनी सांगितलं. एकत्रीकरणाचा उतारा काढल्यावर जुना नंबर मिळाला.

पुढचा डोंगर मोडीचा, म्हणजे जुन्या कागदांवरच्या लिपीचा. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. महिनाभर बाराखडी गिरवली तेव्हा कुठे नावं लागायला लागली. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे अमुक हा तमुकचा मुलगा, एवढं ठाऊक होतं. ‘कोम’ मात्र मी बाईचं मधलं नाव समजून सॉफ्टवेअरमध्ये भरलं. एकाच घरात चार कोमबाई झाल्यावर शंका आली. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी हसले. म्हणाले, ‘‘ताई, कोम म्हणजे बायको. पुढचं नाव नवऱ्याचं.’’

त्यांच्याबरोबर बसूनच १९१२ची वारस नोंद लावली. खापरपणजोबा मयत, वारस एक मुलगा, आणि त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालन कर्ता. पोरगं लहान, म्हणून आईचं नाव लागलं. नवरा जगला असता तर ही बाई कागदावर आलीच नसती. नोंदीखाली सहीच्या जागी अंगठा आहे, शाई जरा फराटलेली. त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

रात्री आत्याला फोन करून नाव सांगितलं. ते तिचंच नाव निघालं.

‘‘मला वाटायचं, बारशाला माझ्या आत्यानं आवडीनं ठेवलं,’’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ‘‘माहेर कुठलं गं तिचं?’’

तो रकाना अजून रिकामाच आहे.