साळ नदी आणि समुद्र यांच्या मधल्या वाटेने

बाणावली, सासष्टी (गोवा). फेब्रुवारी, मंगळवार, रात्र.

आज सकाळी धाकट्या बहिणीसोबत बाणावलीहून मोबोरच्या टोकापर्यंत आणि तिथून परत, अशी विजेच्या सायकलींवरची छोटी सहल केली. बरोबर जवळच्याच वार्का गावचा एक तरुण वाटाड्या होता आणि नागपूरचे एक जोडपे होते. जाऊन-येऊन अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आतलेच. उजाडता उजाडता निघालो आणि ऊन चढायच्या आत परतलो. एवढ्याशा फेरीत पाहिले ते मात्र बरेच आहे आणि त्यातले काही निसटण्याआधी लिहून ठेवावे असे वाटते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, किनाऱ्याची भूरूपे फळ्यावर काढून दाखवली. आज तीच भूरूपे क्रमाने पायांखालून गेली, याचा आनंद अजून मनात आहे.

आधी सायकलीविषयी लिहिते, कारण गुडघ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. ती दिसायला साधी सायकलच आहे. बॅटरी सांगाड्याच्या दांडीवर कुलपाने बसवलेली असते आणि मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी असते. पॅडल फिरवू लागले की मोटर हलकेच साथ देते आणि पाय थांबले किंवा ब्रेक दाबला की तत्क्षणी बंद होते. किती साथ हवी ते हँडलवरच्या बटणाने ठरवायचे. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरांपेक्षा जास्त वेग न घेणाऱ्या अशा सायकलींना नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. वाटाड्याने निघण्यापूर्वी मोकळ्या आवारात आम्हा सर्वांकडून दोन-चार फेऱ्या मारून घेतल्या. वजनामुळे ही सायकल साध्या सायकलीपेक्षा उशिरा थांबते, म्हणून वळणाआधीच पाय थांबवायचे, आणि रस्त्यावर वाळू पसरलेली दिसली की मोटरची साथ कमी करायची, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. "सवकास, आंटी, सवकास," म्हणजे हळू, सावकाश, हे त्याचे पालुपद सकाळभर कानांवर येत राहिले आणि ते मला आवडले. लहानपणी सांगलीत सायकलवरून शाळेत जात असे, तेव्हाची सवय शरीर विसरलेले नव्हते. पहिल्या चढावर मागून कोणीतरी अलगद हात लावावा तशी सायकल पुढे सरकली आणि गुडघ्यांची काळजी तिथेच मिटली.

हा रस्ता समुद्राच्या काठाने जात नाही, आणि हीच या सहलीची खरी मिळकत आहे असे मला वाटते. तो किनाऱ्याला समांतर, पण बराच आत, गावांमधून जातो: बाणावली, वार्का, कारमोणा, कावेलोसिम, मोबोर. उजव्या हाताला माडांपलीकडे समुद्र, डाव्या हाताला शेतांपलीकडे साळ नदी. पुळणीवर बसलेल्या माणसाचे तोंड नेहमी पाण्याकडे असते आणि पाठ जमिनीकडे. इथे मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात, आणि ज्या पुळणीसाठी लोक दुरून येतात ती या मागच्या जमिनीच्या आधारावर कशी उभी आहे ते कळू लागते. मोटारीतून हे कळत नाही, कारण ती फार वेगाने जाते. पायी जायचे तर माझ्या वयाच्या माणसाला निम्म्यातूनच परतावे लागेल.

सकाळच्या त्या वेळी रस्ता पोदेरांचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यांचा होता. मागे पाव-उंड्यांची मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिकचे जाड कापड, आणि हँडलला रबरी भोंगा. गोव्याचे जुने पोदेर सासष्टीतल्याच माजोर्डा गावचे, असे सांगतात. पीठ फुगवायला पूर्वी माडाची सुर (ताडीसारखा आंबणारा रस) वापरत आणि ती इथल्या बागांमध्ये मुबलक मिळे. आम्ही एका घरापुढच्या बाल्कांवाच्या, म्हणजे बैठकीच्या ओसरीच्या, पायऱ्यांपाशी थांबून गरम पोळी घेतली. ही पोळी म्हणजे आपली पोळी नव्हे; कोंडा लावलेला, आतून पोकळ असा तो पाव आहे. घरातल्या आजींनी न मागता पाण्याचा तांब्या पुढे केला. विजेची असली तरी आमचीही सायकलच होती, त्यामुळे असे थांबणे, बोलणे आणि पुन्हा निघणे कोणालाच परके वाटले नाही.

वार्क्याच्या पुढे वाटाड्याने एक विहीर दाखवली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि विहिरीचे पाणी गोड आहे. त्याने विचारले की हे कसे, आणि मला राहवले नाही. मी तिथेच सगळ्यांना समजावून सांगितले. वाळूच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस खाली झिरपतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर तिच्याखाली साधारण चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी तग धरू शकते, असे गणित आहे. उपसा वाढला किंवा टेकड्या सपाट केल्या की हा तोल जातो आणि खारे पाणी वर चढते. वाटाड्या लक्षपूर्वक ऐकत होता. मग तो म्हणाला की त्याच्या आजोळच्या विहिरीचे पाणी आता उन्हाळ्यात मचूळ लागते. ते ऐकून माझे पुढचे बोलणे थांबले.

त्या टेकड्या आम्ही फात्राड्याला पाहिल्या. सायकली रस्त्याच्या कडेला माडांखाली लावून, कुलपे घालून पायवाटेने गेलो. समुद्राकडून आत येताना वनस्पती ठरलेल्या क्रमाने भेटतात. सर्वांत पुढे मर्यादवेल, जांभळी फुले आणि आपट्यासारखी दुभंगलेली जाड पाने. तिच्या लांबच लांब दोऱ्या वाळूला जागच्या जागी धरून ठेवतात. तिच्या सोबतीला एक काटेरी गवत, ज्याच्या बियांचे चेंडू वाऱ्याबरोबर पुळणीवर घरंगळत जातात. मग उंच भागावर केवडा आणि झुडपे, काही ठिकाणी लावलेली सुरूची झाडे, आणि त्यामागे माड. पुढची वेल गेली की वाळू सुटते, वाळू सुटली की केवड्याची मुळे उघडी पडतात आणि शेवटी लाटा माडांपर्यंत येतात. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी गोव्याच्या अनेक पुळणींवर समुद्राचे पाणी शॅक्समध्ये, म्हणजे पुळणीवरच्या झापांच्या खानावळींमध्ये, शिरले होते. अशा वेळी या टेकड्याच गावापुढे उभ्या राहतात. २०११च्या किनारी नियमांनी त्यांना अतिसंवेदनशील भागात धरले आहे, आणि ते योग्यच झाले. तरीही कुठे कुठे टेकडी कापून, वर आयात केलेली हिरवळ अंथरून आरामखुर्च्या मांडलेल्या दिसल्या, तेव्हा मनापासून वाईट वाटले. त्या हिरवळीला रोज गोडे पाणी लागते, मर्यादवेलीला कोणी कधी पाणी घातलेले नाही.

नागपूरच्या गृहस्थांना ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवायची होती. ओहोटी होती आणि वाळू खरोखरच रस्त्यासारखी सपाट दिसत होती, त्यामुळे त्यांची इच्छा समजण्यासारखी होती. वाटाड्याने नम्रपणे, पण ठाम नकार दिला. पुळणीवर वाहने नेण्यास गोव्यात बंदी आहे, आणि पॅडलची असली तरी मोटर असलेली गोष्ट तो तिथे नेणार नाही, असे तो म्हणाला. खारे पाणी मोटरच्या आणि चेनच्या सांध्यांत शिरले की सायकल फार दिवस टिकत नाही; फेरीनंतर रोज ती गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून काढतात, कारण नुसती हवासुद्धा इथे लोखंड खाते. त्याने वाळूतली खेकड्यांची बिळेही दाखवली आणि दक्षिणेकडच्या आगोंद व गाल्जिबाग इथे याच दिवसांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तिथे चाकांचा आणि दिव्यांचा किती त्रास होतो, तेही सांगितले. कमाईची संधी सोडून नियम पाळणारा असा मुलगा भेटला, ही या दिवसातली फार मोलाची गोष्ट आहे.

तिथेच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणे चालू होते. हे दृश्य मी चित्रांत अनेकदा पाहिले होते. प्रत्यक्षात त्याला किती वेळ आणि किती माणसे लागतात याची कल्पना नव्हती. होडीने पाण्यात जाळ्याचा मोठा अर्धगोल टाकलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरच्या दोन तुकड्या ओढत असतात. हळूहळू त्या तुकड्या एकमेकींच्या जवळ येतात, शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ पहिल्या जागी जातो, आणि हा फेरा अखंड चालू राहतो. आम्ही अर्धा तास उभे होतो. बहीण म्हणाली, "ताई, आपणही हात लावायचा का?" तिथल्या एका वयस्क बाईने हसून दोर आमच्या हातात दिला. ओल्या दोराला जो ताण असतो तो तळहातांना अजून जाणवतो आहे. जाळ्यात तारले होते, थोडे बांगडे होते आणि बरेचसे पारदर्शक बारीक मासे होते, जे मुलांनी गोळा करून पाण्यात परत सोडले. वाटे जागेवरच झाले.

ज्यांनी ही पद्धत टिकवली त्यांच्याविषयी इथे लिहायलाच हवे. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासळी उपसू लागले, तेव्हा रापणकार संघटित झाले आणि माथानी साल्ढाणा यांनी त्यांचे नेतृत्व केले. ते पेशाने शिक्षक होते. त्या दीर्घ लढ्यातून १९८० साली गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. मडगावच्या जिल्हा प्रशासकीय संकुलाला आज त्यांचे नाव आहे. वाटाड्याच्या आजोबांची स्वतःची रापण होती आणि ते त्या मोर्चांना जात असत. हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि रापणी आता फार थोड्या उरल्या आहेत हे सांगताना तो खाली वाळूकडे पाहत होता.

कावेलोसिमहून पुढे जमीन अरुंद होत जाते. डावीकडे नदी जवळ येते, उजवीकडे लाटांचा आवाज वाढतो, आणि मोबोरला दोन्हींच्या मध्ये केवळ वाळूचा चिंचोळा दांडा उरतो. साळ नदी वेर्ण्याच्या बाजूला उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असूनही थेट त्याला मिळत नाही. वाळूच्या या लांब पट्ट्याने अडवल्यामुळे ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहत राहते आणि बेतुलपाशी तिला वाट मिळते. लाटा तिरप्या येतात, वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत जाते आणि दांडा वाढत राहतो, हे वाक्य मी वर्गात असंख्य वेळा उच्चारले असेन. तिथे उभी राहिले तेव्हा उजव्या हाताला समुद्र होता, डाव्या हाताला नदी होती, समोर पलीकडच्या टेकडीवर शिवकालात उभारलेल्या बेतुलच्या किल्ल्याची जागा होती, आणि मुखातून मासेमारीच्या होड्या परतत होत्या. मी बहिणीला ते सगळे बोट दाखवून सांगत राहिले आणि तिने शांतपणे ऐकून घेतले. नदीचे पाणी मात्र स्वच्छ नव्हते. वरच्या अंगाला मडगावचे सांडपाणी तिच्यात येते, हे या भागात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते थांबवल्याशिवाय खालच्या पुळणींच्या सौंदर्याविषयी बोलण्यात अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

परतताना एका जागी वाटाडा थांबला. समुद्राकडे जाणारी जुनी पायवाट होती आणि तिच्या तोंडाशी मोठ्या हॉटेलाची भिंत आली होती. भिंतीतून जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट ठेवलेली होती. "ही वाट आमची," एवढेच तो म्हणाला. होड्यांची वल्ही आणि जाळी खांद्यावर घेऊन त्या फटीतून कसे जायचे, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो आम्हा सर्वांना दिसला. सहलीच्या ठरलेल्या थांब्यांमध्ये ही भिंत नव्हती. ती दाखवावी असे त्याला वाटले, हे मला महत्त्वाचे वाटते.

वायव्येचा वारा उठला होता, तेव्हा शेवटच्या टप्प्यात मोटरची साथ एका पायरीने वाढवावी लागली. दुतर्फा वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेते हिरवीगार होती, बांधांवर बगळे होते, आणि अळसांद्यांच्या (चवळीच्या) वेलांतून बायका शेंगा काढत होत्या. मुक्कामी पोहोचलो तेव्हा माझ्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वीज शिल्लक होती.

होळीनंतर वहिनी इथे येणार आहे आणि तिला ही फेरी करायचीच आहे. तिला उद्या फोनवर सांगायचे: उजाडताच निघणारी फेरी निवड, कारण मार्चमध्ये नऊनंतर ऊन सोसवत नाही, टोपी हेल्मेटखाली बसेल अशी पातळ ने, पाण्याची बाटली स्वतःची ठेव, निघण्याआधी आवारात ब्रेक दोनदा दाबून पाहा, आणि वाटाडा गावचाच आहे ना, ते विचारून घे. आम्ही दोघी गुरुवारी उत्तरेच्या बाजूने, कोलव्याहून माजोर्ड्यापर्यंत जाण्याचे ठरवले आहे. वाटाड्याने त्या बाजूच्या एका जुन्या भट्टीत पाव भाजताना दाखवण्याचे कबूल केले आहे, पण त्यासाठी पहाटे पाचला निघावे लागेल.