तिसरा काटा बघा आधी

कॅलिफोर्नियात आल्यापासून सुरमई बांगडा सगळं फ्रोजनच, म्हणून ताज्या माशाची हुक्की आली की मी एका चिनी दुकानात जाते, तिथे टाक्यांमध्ये जिवंत मासे असतात. परवा एका टाकीत लालभडक मासा तळाशी बसलेला, डोळे हे एवढाले आणि गालावर काट्यांची रांगच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणे, "अगं मासा आहे की विंचू?" बरोबर ओळखलं तिने, विंचूमाशांच्याच भावकीतला तो. इथे थॉर्नीहेड म्हणतात, शास्त्रातलं नाव सेबास्टोलोबस.

मला प्रश्न पडला तो वेगळाच, की शेकडो मीटर खोलीवरून वर ओढलेला मासा जिवंत राहतो कसा? कारण याचा चुलतभाऊ रॉकफिश, म्हणजे सेबास्टेस, तसा ओढला तर आतली हवा फुगून त्याचे डोळे बाहेर येतात. आपल्याकडे घोळीचा भोत महाग विकला जातो ना, तीच ती हवेची पिशवी. थॉर्नीहेडला भोतच नाही! मग फुगणार काय, बसलाय आपला टाकीत निवांत.

१८७७ मध्ये गुंथर या प्राणीशास्त्रज्ञाने जपानकडच्या थॉर्नीहेडला नाव दिलं तेव्हा त्याला सेबास्टेसमध्येच टाकलं होतं, १८८१ मध्ये गिल या दुसऱ्या शास्त्रज्ञाने सेबास्टोलोबस हे वेगळं घर मांडून दिलं. रॉकफिशच्या पाठीवर सहसा १३ काटे, याच्या १५ ते १७. छातीजवळच्या पराला मध्येच खाच, खालचा भाग जाडसर, त्या लोबवरूनच, म्हणजे पाळीवरूनच, नाव पडलं. शिवाय रॉकफिश पिल्लं देतो आणि हा अंडी घालतो, तीही जेलीच्या गोळ्यात, तो गोळा तरंगत पार वर येतो. फॅमिली कुठली यावर मात्र अजून भाऊबंदकी चालूच आहे, कोणी सेबास्टिडीत घालतं कोणी स्कॉर्पिनिडीत, मी त्यात पडत नाही.

जाती तीनच. जपानकडचा मॅक्रोकिर, त्याला तिथे किंकी म्हणतात आणि भाव विचारू नये असा असतो. अमेरिकेकडचे दोन, अलास्कानस आणि अल्टिव्हेलिस. अल्टिव्हेलिस म्हणजे उंच शिडाचा, कारण पाठीवरचा तिसरा काटा सगळ्यात उंच. हा जास्त खोल राहतो, जिथे पाण्यात ऑक्सिजन जेमतेम असतो तिथे, आणि आकाराने लहान. अलास्कानसचा चौथा नाहीतर पाचवा काटा उंच असतो.

घरी आणून सिंकमध्ये पर ताणून मोजायला बसले, दोनदा बोट टोचून घेतलं, नवरा म्हणाला अगं कालवण करणार आहेस की पंचनामा. चौथा काटा उंच निघाला. खात्रीसाठी कल्ल्याचं झाकण उचललं, अल्टिव्हेलिसचं आतून काळपट असतं, याचं पांढुरकं होतं. अलास्कानसच. मग कोकम भिजत घातलं.