धंदा विकला, बाकी राहिली: तीन वर्षं कुठून मोजायची?

गोव्यात चालतं हॉटेल, बेकरी किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एखादं युनिट विकताना किमतीवर महिनाभर घासाघीस होते, दावा लावायच्या मुदतीचा विचार मात्र कुणी करत नाही. पुढे बाकी मागितली की उत्तर ठरलेलं: "चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग बसूया." चवथीनंतर सिझन, सिझननंतर पाऊस. असं करत हक्काचा पैसा बुडतो, आणि ते बघवत नाही.

करारभंगाच्या भरपाईचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे करार मोडल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. इथे वीस-तीस वर्षांची मुदत असते असं जुनी माणसं अजून सांगतात. ती पोर्तुगीज नागरी संहितेतली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मानलीही होती, पण २००१ मध्ये बँकेच्या वसुलीच्या एका दाव्यात करारांना १९६३ चाच कायदा लागू धरला. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

पैसे हप्त्याने ठरले असतील तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं त्याच्या स्वतःच्या तारखेपासून. पहिला दिवस धरत नाहीत: १० जुलै २०२३ ला हप्ता चुकला, तर दाव्याचा शेवटचा दिवस १० जुलै २०२६.

घेणाऱ्याचं गणित जास्त नाजूक. विकणाऱ्याने लिहून दिलं की जीएसटी, वीजबिल, कामगारांचा पीएफ, काहीच थकलेलं नाही. ताबा देताना हे खोटं असेल तर करार त्याच दिवशी मोडला. पीएफची नोटीस अडीच वर्षांनी हातात पडली तरी उरतात सहाच महिने. म्हणून 'मागचं देणं निघालं तर मी भरून देईन' असं वेगळं कलम घालून घ्या. तिथे मुदत साधारणपणे प्रत्यक्ष झळ बसल्यापासून मोजतात. मुद्दाम लपवाछपवी झाली असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती उघड झाल्यापासून, पण नीट बघितलं असतं तर आधी कळलं असतं, असं दिसलं की त्या आधीच्या दिवसापासून. थकबाकीचे कागद तुमच्याच कपाटात असतील तर हे कलम फारसं कामाला येत नाही.

वकिलाची नोटीस, पोलीस तक्रार, बैठका, यांतल्या कशानेच मुदत थांबत नाही. उशीर माफ करण्याचं मुदत कायद्याचं कलम ५ दाव्यांना लागत नाही, आणि समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत टळलेला दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो.

मुदत नव्याने सुरू होते ती सहीच्या कागदाने. "१० जुलै २०२३ च्या हप्त्याची बाकी मला अजून देणं आहे" एवढं लिहून सही आणि तारीख, तेही तीन वर्षं संपायच्या आत. "आत्ता देणार नाही" असं त्याच कागदावर असलं तरी चालतं. थोडे पैसे आले तरी मुदत वाढते, पण ते दिल्याचं देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने लिहिलेलं हवं. नुसत्या बँकेच्या नोंदीवर वाद होतो. मुदत टळून गेल्यावर मात्र 'देणं आहे' पुरत नाही, करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे 'देईन' असं सहीचं लेखी वचन लागतं.

करारात 'सहा महिन्यांत दावा केला नाही तर हक्क संपला' असं असेल तर घाबरू नका. करार कायद्याच्या कलम २८ ने ती अट निरर्थक ठरते. मात्र हमीच ठरावीक काळापुरती दिली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते वाक्य वकिलाकडून वाचून घ्या.

वाद व्यापारी स्वरूपाचा आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल, आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तो काळ मुदतीतून वगळतात, पण मध्यस्थीचा अर्ज मुदतीच्या आत हवा. करारात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी लवादाने सोडवायचा असं) असेल तर लवादाची मागणी समोरच्याला पोचते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात. शेवटच्या दिवशी पोस्टात टाकून भागत नाही.

आणखी एक फास. विकणारा अगदी शेवटच्या आठवड्यात बाकीचा दावा लावतो. घेणाऱ्याचा प्रतिदावा, म्हणजे त्याच खटल्यातला उलट दावा, न्यायालयात मांडला त्या दिवसाचा धरतात, मूळ दाव्याच्या तारखेचा नाही, आणि समन्स मिळेपर्यंत त्याची मुदत संपलेली असू शकते. तुमची तक्रार असेल तर समोरचा दावा करेल म्हणून थांबू नका.