तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या जोरात चालता, तर पळत का नाही?

पहाटे परभणी–वसमत रस्त्यावर चालण्याच्या शर्यतीच्या (रेस वॉकिंगच्या) सरावाला निघालो की आठवड्यातून एकदा तरी एखादा मोटारसायकलवाला वेग कमी करून म्हणतो, “सर, एवढी घाई आहे तर बसा की मागं.” आणि शाळेत, लग्नात, पारावर सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न एकच: एवढ्या जोरात चालायचे, तर सरळ पळत का नाही?

पळायला मनाई आहे म्हणूनच तो खेळ आहे. दोहोंपैकी एक पाय सतत जमिनीला टेकलेला साध्या डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात ताठ राहिला पाहिजे. संथगती चित्रफितीत भल्याभल्यांचे दोन्ही पाय क्षणभर अधांतरी दिसतात. पण पंच कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, निवाडा नजरेचाच. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे जमली की खेळाडू बाद होतो. (हल्ली मोठ्या स्पर्धांत त्याला आधी ठरावीक वेळ बाजूला थांबवतात.) गुडघा वाकवायचा नाही म्हटल्यावर लांब पाऊल कमरेतूनच काढावे लागते, म्हणून ती हसू आणणारी चाल. माझ्या उमेदीत गावातली पोरे नक्कल करत मागून यायची. त्यांतली दोघे खरोखर चांगली चालत होती, हे मला फार उशिरा उमगले.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या फेरीत मी बाद झालो. डावा गुडघा वाकत होता. मी पंचांशी भांडलो, आणि पुढे कितीतरी दिवस मला फसवले गेले असेच सांगत राहिलो. पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीची हकिगत वाचल्यावर ते सांगणे मी बंद केले. लहानपणी संधिवाताने आजारी असलेला हा माणूस 1992 साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 50 किलोमीटर चालून दुसऱ्या क्रमांकाने स्टेडियमपाशी पोहोचला आणि तिथेच बाद ठरला. त्यानंतर त्याने 1996, 2000 आणि 2004 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये त्याच अंतराची सुवर्णपदके घेतली. सिडनीत 20 किलोमीटरचेही सुवर्ण त्यालाच मिळाले, तेही आधी पोहोचलेला मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा शर्यत संपल्यानंतर बाद झाल्यामुळे. 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याने 3 तास 36 मिनिटे 3 सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 4 मिनिटे 19 सेकंद, सलग पन्नास वेळा. आमच्याकडचे पुष्कळ जण एवढ्या वेगाने एक किलोमीटर पळूही शकत नाहीत. मला मात्र त्या चार सुवर्णांपेक्षा हातचे गेलेले ते पदक मोठे वाटते.

मुलांना मात्र पोलंड दूरचे वाटते. त्यांना मी राम बाबूचे नाव सांगतो, ज्याने टाळेबंदीच्या काळात रोजगार हमीवर माती वाहिली आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मंजू राणीबरोबर 35 किलोमीटरच्या मिश्र सांघिक गटात कांस्यपदक घेतले. रोजगार हमी म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

सध्या सरावाला येणारा एक विद्यार्थी माझ्यासारखाच डावा गुडघा वाकवतो. तो समोरून आला की मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून त्याच्या पायांकडे टक लावून पाहतो. परवा एक मोटारसायकल थांबली. “सर, काही पडलं का?”