एक जूनची माणसं

काल दुपारी जेवणानंतर डोळे जडावलेले, आणि समोर एक्सेलची शीट. कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखांचा कॉलम. काही तारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या, काही उजव्या. डावीकडच्या म्हणजे नुसता मजकूर, उजवीकडच्या म्हणजे एक्सेलला 'कळलेल्या' तारखा. कुणाच्या तरी मशीनवर अमेरिकी सेटिंग होतं: महिना आधी, दिवस मागून. १३ पासून पुढचे दिवस त्याला पचले नाहीत. तेरावा महिना फक्त आपल्या दुष्काळात येतो, अमेरिकेत नाही. त्या तारखा निमूट डावीकडे राहिल्या. बारापर्यंतच्या मात्र बिनबोभाट उलटल्या आणि उजवीकडे ऐटीत बसल्या. म्हणजे वेड्यावाकड्या दिसतात त्याच खऱ्या.

फिल्टर लावला, तर निम्मे जुने लोक ६ जानेवारीला जन्मलेले. हसूच आलं. ही तर आपली एक जूनची माणसं!

माझे बाबा त्यातलेच. आजी त्यांना शाळेत घेऊन गेली, तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. लागला. मग जन्मतारीख विचारली. आजीची नोंदवही तोंडी होती. "पानशेत फुटलं तेव्हा ह्याला दात येत होते. आणि त्या संक्रांतीला मी बाळंतिणीच्या खोलीत, ओली बाळंतीण. हळदीकुंकूसुद्धा झालं नाही." रजिस्टरात एवढं मावणार कुठे? गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, १ जून १९६१. आजी हा किस्सा सांगताना दर वेळी टाक बुडवायचा अभिनय करायची. त्यात तिला विशेष गोडी होती.

बाबा सरकारी नोकरीत. जन्म एक तारखेचा, म्हणून निवृत्ती आदल्या दिवशी, ३१ मे २०१९ ला. निरोपाचा नारळ अजून देवघरात आहे, का ते विचारू नका.

काम सोडून मी रिकाम्या सेलमध्ये त्यांची तारीख टाकली. एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच, १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजलेला आकडा असतो. बाबा निघाले २२४३३. मग उलटी करून पाहिली, ६ जानेवारी १९६१. २२२८७. संक्रांतीच्या आठ दिवस अलीकडे.

मी आकड्यांकडे बघत राहिले. मग फोन लावला.

"बाबा, तुमचा खरा वाढदिवस ६ जानेवारीच्या आसपास असणार."

"कोण म्हणतं?"

"आजी. आणि एक्सेल."

पलीकडे थोडा वेळ फक्त टीव्ही ऐकू येत होता.

"म्हणजे जानेवारीअखेर सुटायचं ते मेअखेर सुटलो. चार महिने जास्त नोकरी केली मी," बाबा म्हणाले. "त्या एक्सेलला सांग, पेन्शन चालू आहे, आता हात लावू नकोस."