ब्रेडाचा किल्ला: पासपोर्ट नसेल तर पुलावरूनच परत

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून ब्रेडा ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. स्टेशनसमोरची बाग ओलांडली की किल्ला. इतकं सोपं म्हणून आम्ही बेसावध गेलो आणि गेटवर आपटलो. तिथल्या पोरसवदा जवानाने विचारलं, "बुकिंग? ओळखपत्र?" बुकिंग नव्हतं आणि पासपोर्ट रॉटरडॅमच्या हॉटेलात. "बाहेरून तरी बघूया," ही म्हणाली, आणि मग पाऊण तास पावसात खंदकाच्या कडेने विटा आणि पाणी बघत फिरलो.

चूक आमचीच. हा नुसता किल्ला नाहीच, 1828 पासून तिथे डच सैन्याची अकादमी आहे. आपण खडकवासल्याच्या गेटवर जाऊन "जरा आत बघू का?" म्हणतो का? गाइडबरोबरची फेरी आधी बुक करा आणि खरं ओळखपत्र खिशात ठेवा. मोबाइलमधला फोटो दाखवून आमचं काम झालं नाही.

खरा राग मात्र नाववाल्याचा. कालव्याच्या फेरीचे दोघांचे 32 युरो घेतले आणि स्पान्यार्ड्सखाट या पाणदाराच्या, म्हणजे नावेने आत शिरायच्या दरवाजाच्या, दोन बुरुजांपाशी नाव थांबवून ठोकून दिलं, "पीटचा पडाव इथूनच आत शिरला!" पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण. मार्च 1590 मध्ये किल्ल्यातल्या स्पॅनिश शिबंदीला जळण पुरवणाऱ्या पडावात साधारण 70 डच सैनिक दडून आत गेले आणि रातोरात किल्ला घेतला. लाल महालावर वरातीच्या आडून शिरल्याची कथा आपण सांगतो, तसाच डाव. पण हे पाणदार बांधलं 1610 च्या सुमारास! वीस वर्षं आधी पडाव त्यातून कसा शिरला? विचारलं तर नाववाला हसला आणि वॅफल पुढे केलं. त्याचे पैसे वेगळे. बुरुज काठावरूनच बघा, फुकट आणि जास्त चांगले दिसतात.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन परत गेलो. फेरी डचमध्ये होती, शेजारच्या आजोबांनी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. 1536 मध्ये ब्रेडाचा सरदार असलेल्या नासाऊ घराण्यातल्या तिसऱ्या हेन्रीने जुना किल्ला बदलून इटालियन धाटणीचा महाल बांधायला घेतला. वास्तुकार बोलोन्याचा तोमासो विंचिदोर. हेन्री दोनच वर्षांत गेला आणि काम पुरं झालं थेट डच राज्यकर्त्या ऑरेंजच्या तिसऱ्या विल्यमच्या काळात, 1690 च्या दशकात. पुढे 1826 ला नेदरलँड्सच्या राजा पहिल्या विल्यमने अकादमी काढायचं ठरवलं आणि महालाची बरीचशी सजावट उतरवून त्याची बराक केली. चौकातल्या कमानींपाशी उभं राहिलं की गेलेल्या वैभवाचा थोडा अंदाज येतो. बाकी लांब, सरळ, शिस्तीच्या भिंती. राजवाडा म्हणून जाल तर पैसे वाया.

इतिहासासाठी मात्र जरूर जा. इंग्रज-डच युद्ध संपवणारा 1667 चा तह इथलाच: न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिलं, सुरीनाम आणि जायफळाचं रन बेट डचांकडे. आणि इंग्रजांचा राजा कोण, तर पोर्तुगिजांकडून मुंबई आंदण मिळालेला दुसरा चार्ल्स! हे ऐकून मी एवढा खूश झालो की ओल्या बुटांचाही विसर पडला.

जवळच्या मोठ्या चर्चमधलं नासाऊ घराण्यातल्याच दुसऱ्या एंगेलब्रेख्टचं थडगं चुकवू नका. चार गुडघे टेकलेले पुतळे खांद्यावर त्याचं चिलखत पेलून आहेत. तिथे पासपोर्ट कोणी विचारला नाही.